ही रवी नव्हे, हा सामता

आम्ही जांब समर्थहून बोलतोय. तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून आमचं गाव सगळ्यांना ठाऊक आहे. आजचा विषय मात्र देवळातला नाही, एका पत्र्याच्या शेडमधला आहे. जुनी, अनोळखी वस्तू हातात आली तर ती ओळखायची कशी, हे आम्ही आमच्याच एका चुकीतून शिकलो. ती चूक आणि ते शिकणं, दोन्ही तुम्हाला सांगतो.

आमच्या बचत गटानं डाळ मिल टाकायचं ठरवलं. जागा हवी होती. गटातल्या एका वहिनींच्या सासरचं जुनं शेड रिकामं होतं. त्यांचं घर सुताराचं. सासरे वारले तेव्हापासून शेडला कुलूप होतं. घरात सुतारकाम पुढे कुणी चालवलं नाही, नवरा ट्रॅक्टरवर जातो. वहिनी म्हणाल्या, "साफ करा आन् वापरा, भाडं द्या म्हंजे झालं." त्यांच्या सासूबाई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या सुतारआजी, तेव्हा लेकीकडे गेल्या होत्या. त्यांना विचारायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पहिली चूक ही.

दोन दिवस आम्ही आठ जणी शेड झाडत होतो. मोडक्या तिफणीचं दिंड, जू, एक फुटकं चाडं, लोखंडाचे तुकडे, गंजलेले खिळे. भंगारवाला आला, दोन गोण्या घेऊन गेला आणि सातशे रुपये देऊन गेला. आम्हाला बरं वाटलं. लाकडाच्या वाकड्यातिकड्या काड्या आणि ढलप्या आम्ही चुलीखाली घातल्या आणि त्यावर चहा केला.

तिसऱ्या दिवशी वासे आणि पत्र्याच्या फटीत कापडात गुंडाळलेली एक वस्तू सापडली. हातभर लांबीचा गोल लाकडी दांडा. मधे जरा जाड, दोन्ही टोकांना निमुळता. एका टोकाला लाकडाची बोंडासारखी मूठ, दुसऱ्या टोकाला लोखंडाची चपटी, टोकदार पट्टी ठोकलेली. पट्टीचं टोक लहानशा भाल्यासारखं.

आता सुरू झाली आमची चर्चा. एक म्हणाली, "आगं, ही तर रवी हाय, खालचं फूल मोडलेलं." दुसरी म्हणाली, ही सूत कातायची चाती असेल. तिसरीला तो पोरांचा भोवरा वाटला, पण हातभर लांब भोवरा कुणी फिरवतं का? एकीनं तर मंत्रतंत्राचं काहीतरी असेल, हात लावू नका, असं सांगून टाकलं. भंगारवाला परत यायचाच होता. लोखंड थोडं, लाकूडच जास्त, त्यामुळं तो काय देणार म्हणून ती वस्तू कोपऱ्यात राहिली. खरं सांगायचं तर ती वाचली ती आमच्या शहाणपणामुळं नाही, तिचं वजन कमी भरलं म्हणून.

वस्तूच सांगते, आपण बघायचं

पण ती कोपऱ्यात दिसत राहिली आणि डोक्यातून जाईना. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर आम्ही ती मधोमध ठेवली. ठरवलं, आज नाव सांगायचं नाही. फक्त दिसतं तेवढं सांगायचं. एकेकीनं बघायचं आणि बोलायचं. ही पद्धत आम्हाला फार उपयोगी पडली. नाव आधी सुचलं की मग डोळे त्या नावाला जुळेल तेवढंच बघतात. रवी म्हटलं की रवीच दिसते.

पहिलं निरीक्षण: दांडा मधोमध गुळगुळीत होता. बाकी लाकूड खरखरीत, पण मधला चार बोटांचा पट्टा तुळतुळीत आणि किंचित खोलगट. हात लागून लाकूड गुळगुळीत होतं तेव्हा ते सगळीकडून सारखं आणि रुंद झिजतं. इथं अरुंद आडवे चरे दिसत होते. विहिरीच्या लाकडी रहाटावर दोर घासून पडतात तसे. म्हणजे इथं दोरी गुंडाळली जात होती.

दुसरं निरीक्षण: वरची मूठ दांड्याला चिकटलेली वाटत होती. एका पोरीनं जोर लावला तसा आतला मळ सुटला आणि मूठ गरगर फिरली. दांडा स्थिर, मूठ फिरते. उलट करून बघितलं, मूठ धरली तर दांडा फिरतो. म्हणजे मूठ हातात धरायची आणि दांडा फिरू द्यायचा. लाटण्याचं असं नसतं, मुसळाचंही नसतं.

तिसरं: खालची लोखंडी पट्टी. आजच्या विजेच्या ड्रिलचं पातं पिळाचं असतं आणि ते एकाच दिशेनं कापतं. ही पट्टी सपाट होती आणि तिच्या दोन्ही कडांना धार होती. उजवीकडे फिरवा, डावीकडे फिरवा, दोन्ही वेळा ती खरवडणारच. एकाच दिशेनं फिरणाऱ्या हत्याराला दोन्हीकडची धार कशाला लागेल? म्हणजे हे हत्यार पुढं-मागं, पुढं-मागं फिरत होतं.

चौथं: पट्टीवर हातोड्याचे बारीक ठोके दिसत होते. कारखान्यातला शिक्का नाही, नंबर नाही. म्हणजे गावच्या लोहारानं बनवलेली. दांडा जड, गडद तांबूस लाकडाचा. बाभळीच्या गाभ्याचा असावा असं आमच्यातल्या दोघींचं एकमत झालं, कारण घरच्या जुन्या जुवाचा रंग तसाच.

आता हे चारही एकत्र मांडा. दोरी गुंडाळायची, वरून मूठ दाबून धरायची, दोरी ओढली की दांडा पुढं-मागं फिरणार आणि खालचं टोक काहीतरी खरवडणार. ज्या काकूंनी आधी "रवी" म्हटलं होतं त्या पुन्हा म्हणाल्या, "मी म्हटलं ते चुकीचं न्हाई. रवीच हाय ही, पण ताकाची न्हाई, लाकडाची." आणि त्यांचंच बरोबर निघालं. डेऱ्यात रवी ठेवून, खांबाला बांधून, दोरीचे दोन पदर आळीपाळीनं ओढून आपण ताक घुसळायचो ना, अगदी तीच क्रिया. फक्त खाली ताकाऐवजी लाकूड.

आजी आल्या

तरी खात्री कुणाला विचारून करायची? आम्ही ठरवलं, गावातल्या तीन वेगवेगळ्या म्हाताऱ्या माणसांना वेगवेगळं दाखवायचं आणि आपला अंदाज सांगायचा नाही. आपण आधी "हे भोक पाडायचं आहे ना?" असं विचारलं की समोरचा माणूस आपला मान राखायला "व्हय व्हय" म्हणतो. पहिल्या आजोबांनी बघितलं न बघितलं, "सामता" म्हणाले. दुसरे म्हणाले, "हे सुताराचं, नाव इसरलो." तिसऱ्या, लेकीकडून परत आलेल्या सुतारआजी.

आजींनी वस्तू हातात घेतली. मूठ फिरवून बघितली. मग विचारलं, "कमान कुठाय?"

कुणाला काही कळेना. आजींनी हातानं दाखवलं. हातभर वाकडी काठी, दोन टोकांना सैल बांधलेली दोरी. धनुष्यासारखी, पण दोरी ताणलेली नाही. ती दोरी दांड्याला एक वेढा घालून घट्ट बसते. एका हातानं मूठ दाबायची, दुसऱ्या हातानं कमान मागं-पुढं करायची.

वाकडी काठी म्हटल्यावर आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. दोरी कुजून गेलेली, दोन टोकांना खाचा असलेली एक वाकडी काठी आमच्यातल्या दोघींना आठवली. आम्ही ती चुलीखाली घातली होती. खरं ते सांगून टाकलं. आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अर्धा सामता चहाखाली घातला म्हना की." रागावल्या नाहीत, पण आम्हाला त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनीच सांगितलं, दोर आणा. गाईचं दावं आणलं. आजी खाली बसल्या. वहिनींना मूठ धरायला लावली, लाकडाचा एक तुकडा पायाखाली दाबायला सांगितला. दाव्याचे दोन वेढे दांड्याला घातले आणि दोन्ही टोकं स्वतःच्या दोन हातात घेऊन ओढायला लागल्या. डावा, उजवा, डावा, उजवा. पट्टी गंजलेली होती, तरी दहा-बारा ओढीत लाकडातून भुसा निघाला.

आजी म्हणाल्या, "मालक एकले असले की कमान. मी मोकळी असले की दोर. मोठं भोक असलं की दोरच लागतो, दोन हातांचा जोर असतो त्याला." आणि मग सहज बोलावं तसं, "लगीन होऊन आले तवापासून वढलाय. चाड्याची भोकं, जुवाची, बाजेच्या पायाची. तिफणी भरायच्या दिसात तर रातभर."

सख्यांनो, आम्ही त्या शेडमध्ये एक हत्यार ओळखायला बसलो होतो, आणि ओळख पटली ती एका कामकरणीची. आमच्या गटाच्या जुन्या माहितीपत्रकावर आजींच्या नावापुढं "घरकाम" लिहिलंय. ते माहितीपत्रक आमच्याच हातानं भरलेलं आहे.

सामता चालतो कसा

नाव आहे सामता. सुताराचं लाकडाला भोक पाडायचं हत्यार. गिरमिट वेगळं. गिरमिटाला आडवी मूठ असते, खाली स्क्रूसारखं टोक असतं आणि ते एकाच दिशेनं पिळत नेतात. सामत्याला दोरी लागते.

आम्ही शिवणकामाची टेप लावून मोजलं. दांड्याचा जाड भागाचा घेर पाच इंच भरला. आजी एका ओढीत साधारण दोन फूट दोर खेचत होत्या. दोन फूट म्हणजे चोवीस इंच. चोवीसला पाचानं भागा, जवळपास पाच फेरे आले. म्हणजे हात एकदा मागं गेला की दांडा पाच वेळा फिरला, हात पुढं आला की उलटे पाच फेरे. हातानं मनगट पिळून पाच फेरे द्यायला किती वेळ लागेल बघा.

दांडा बारीक केला तर फेरे वाढतील पण जोर कमी पडेल. जाड केला तर जोर वाढेल पण फेरे कमी होतील. म्हणून दांडा जिथं दोरी येते तिथं जाड आणि खाली बारीक. रवीलाही हाच हिशोब लागू असतो. ज्यानं हे घडवलं त्याला हा हिशोब हातानं माहीत होता.

मग भोकं पाडायची कशाला, खिळा ठोकला की झालं, असं वाटेल. बाभूळ, शिसव अशा कडक लाकडात सरळ खिळा ठोकला तर लाकूड तडकतं. आधी बारीक भोक पाडलं की खिळा किंवा लाकडी खुंटी नीट बसते. मोठं भोक हवं असेल तर आधी सामत्यानं पाडायचं, मग पटाशीनं कोरून वाढवायचं. आमच्याकडं शेडमधलं फुटकं चाडं भंगारात गेलं नव्हतं, कारण ते लाकडाचं. त्याच्या कडेला दोरी ओवायचं भोक होतं. सामत्याची पट्टी त्या भोकात घालून बघितली, ती बरोबर बसली. हा आमचा पक्का पुरावा. म्हातारी माणसं विसरतात, चुकतात. पण हत्यार आणि त्यानं केलेलं काम एकमेकांना जुळलं की शंका उरत नाही.

चाडं म्हणजे पेरणीचं वाडगं. त्यात मूठ सोडली की बी नळ्यांतून तिन्ही फणांखाली जातं. तिफणीमागं मोघा धरून चालणाऱ्या बायका आपल्याच. म्हणजे भोक पाडताना दोर ओढणारी बाई, पेरताना मोघा धरणारी बाई. जालना आज बियाण्यांच्या कंपन्यांसाठी ओळखला जातो. त्याच्या आधीची पेरणी या भोकांतून झालेली आहे.

हे हत्यार किती जुनं?

आमच्या गावातला हा दांडा किती वर्षांचा ते आजींच्या सासऱ्यांपर्यंत जातं. पण ही युक्ती फार फार जुनी आहे. बलुचिस्तानात मेहरगढ नावाच्या ठिकाणी साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दाढा सापडल्या. नऊ माणसांच्या अकरा दाढांना बारीक भोकं पाडलेली होती. 2006 साली ही माहिती प्रसिद्ध झाली. गारगोटीचं टोक लावलेल्या, कमानीनं फिरणाऱ्या सामत्यानं ती पाडली असावीत असं अभ्यासकांना वाटतं. तिथले लोक मणी करत, मण्याला भोक पाडायची त्यांना सवय होती. इजिप्तमध्ये रेखमिरे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात भिंतीवर सुतारांची चित्रं आहेत, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. त्यात एक सुतार कमानीचा सामता चालवताना दिसतो. उत्तरेच्या बर्फाळ मुलखातले लोक मूठ दातात धरून कमान चालवत, म्हणजे एक हात मोकळा राहतो. आपल्याकडं यज्ञात अरणीतून अग्नी काढतानाही दांडा दोरीनंच फिरवतात. आणि आपल्या घरातली रवी आहेच.

जगात इतक्या ठिकाणी जे टिकलं ते आपल्या एका पिढीत विसरलं गेलं. त्यात कुणाची चूक नाही. वीज आली, ड्रिल मशीन आलं, लोखंडी पेरणी यंत्र आलं, बलुतं संपलं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली 'गावगाडा' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात गावच्या कारू-नारूंची, त्यांच्या कामाची आणि हक्कांची बारीक माहिती आहे. सुतार हा बलुतेदारांच्या थोरल्या ओळीतला. वर्षभर कुणब्याची औतं दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचं. त्या व्यवस्थेत मानही होता आणि अपमानही होता, ती परत यावी असं आम्ही म्हणत नाही. आजींनाही ती परत नको आहे. त्यांना हवंय ते एवढंच, की केलेलं काम कुणालातरी ठाऊक असावं.

तुमच्याकडं काही सापडलं तर

आमच्याकडून झालं ते तुमच्याकडून होऊ नये म्हणून काही गोष्टी सांगतो. बैठकीत वाचून दाखवा.

एक. आधी मालकाला विचारा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला वेगळं विचारा. कुलूप उघडायची परवानगी म्हणजे वस्तू विकायची परवानगी नव्हे.

दोन. जपून हात घाला. बंद शेडमध्ये विंचू-साप असतात. काठीनं हलवून मग हात घाला, पायात चप्पल-बूट असू द्या. लोखंड लागून जखम झाली तर साबण-पाण्यानं धुवा आणि आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. धनुर्वात गंजामुळं होतो असं आपण म्हणतो, पण त्याचे जंतू माती-शेणात असतात आणि खोल जखमेत वाढतात. बाभळीचा काटा रुतला तरी तितकीच काळजी घ्या.

तीन. लगेच घासू नका, रंगवू नका, धार लावू नका. झीज हाच पुरावा असतो. आम्ही दांडा पॉलिश पेपरनं घासला असता तर दोरीचे चरे गेले असते आणि आजही आम्ही त्याला रवी म्हटलं असतं. कोरड्या कापडानं पुसा, बस्स.

चार. जिथं सापडली तिथंच मोबाइलवर फोटो काढा, शेजारी काय काय होतं तेही येऊ द्या. शेजारी टेप किंवा हाताची वीत ठेवा म्हणजे लांबी कळते. जोडीचे भाग जवळपासच असतात. वाकडी काठी दिसली तर जाळू नका.

पाच. नाव न घेता बघा. हात कुठं लागलाय? दोरी कुठं घासलीय? धार एका बाजूला आहे की दोन्ही? काय फिरतं, काय हलत नाही? ठोका कुठं बसलाय? मागच्या बाजूला ठोकून ठोकून लाकूड फुललं असेल तर ते पटाशीसारखं, मोगरीखाली चालणारं हत्यार. पातं दांड्याला आडवं असेल, कुदळीसारखं, पण लहान आणि धारदार, तर ते लाकूड तासायचं वाकस. पातं दांड्याच्या रेषेत असेल तर कुऱ्हाड. लाकडाच्या ठोकळ्यातून पातं खाली जरासं डोकावत असेल तर तो रंधा. दोन पट्ट्या काटकोनात जोडलेल्या असतील तर तो गुण्या.

सहा. घरातल्या कोणत्या कामासारखं ते चालतं, विचार करा. घुसळणं, कांडणं, दळणं, कातणं, विणणं, पाखडणं. कारागिराची हत्यारं आणि बायकांची साधनं यांची चाल बरेचदा एकच असते. म्हणून आपल्याला काय कळतंय असं म्हणू नका. आमच्याकडं उत्तर रवीनंच दिलं.

सात. तिघांना वेगवेगळं विचारा आणि उत्तर आधी सांगू नका.

आठ. लिहून ठेवा. वस्तूचं गावातलं नाव, कुठं सापडली, कुणाची, कशाची केलेली, काय कामाला, कोण चालवायचं, आणि सोबत मदतीला कोण असायचं. हा शेवटचा प्रश्न सोडू नका. तो विचारला नसता तर आमच्या वहीत फक्त आजोबांचं नाव आलं असतं.

लिहून ठेवायचं महत्त्व आमच्या गावाला वेगळं सांगायला नको. 2022 च्या ऑगस्टमध्ये आमच्या राममंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा सगळा जिल्हा हळहळला, आणि त्याच वर्षी पोलिसांनी त्या शोधून काढल्या. मूर्ती गेल्याचं सकाळीच सगळ्यांना कळलं, कारण प्रत्येक मूर्ती प्रत्येकाला माहीत होती. शेडमधली वस्तू गेली तर गेल्याचंही कळत नाही. आमच्या गोण्यांत अजून काय काय होतं, ते आता आम्हाला सांगता येत नाही. जालन्याला भंगार वितळवून सळई करणारे मोठे कारखाने आहेत. आजोबांच्या पटाश्या आता कुणाच्या तरी स्लॅबमध्ये असतील.

पुण्यात राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय आहे. एका माणसानं, दिनकर गंगाधर केळकरांनी, दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे अशा रोजच्या वस्तू गावोगाव फिरून जमवल्या. ज्या वस्तू लोकांना साध्या वाटत होत्या त्याच आज लोक तिकीट काढून बघतात. आपल्याला संग्रहालय बांधायचं नाही. ग्रामसंघाच्या कपाटातला एक कप्पा आणि एक दोनशे पानी वही पुरते.

आता पुढं काय केलं

सातशे रुपये आम्ही आजींना द्यायला गेलो. आजींनी घेतले, आम्हालाही ते बरोबर वाटलं. माल त्यांचाच होता. गावातल्या बुरडकाम करणाऱ्या दादांकडून वेताची नवी कमान करून घेतली, आजींनी उभं राहून तिचा बाक सांगितला. सामता आजींच्याच घरी आहे, भिंतीला टांगलेला. वहीत नोंद आमच्याकडं.

आणखी एक गोष्ट झाली. वहिनींच्या पुतणीला फर्निचरचं काम शिकायचं होतं, घरचे म्हणत, पोरीचं काम नव्हे ते. आजींनी दोर ओढलेला त्या पोरीनं बघितला. आजी म्हणाल्या, "पोरीचं काम न्हाई कसं? मी काय केलं मग?" तिचं अठरा पूर्ण आहे. तिच्यासाठी आम्ही केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती काढली. ही योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. अठरा कामांत सुतारकाम आहे. निवड झाली तर पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, आणि पुढं पाच टक्के व्याजानं आधी एक लाखापर्यंत, मग दोन लाखांपर्यंत कर्ज. पण ही योजना हातानं आणि हत्यारानं ते काम प्रत्यक्ष करणाऱ्यासाठी आहे, आणि एका कुटुंबातून एकालाच नोंदणी करता येते. म्हणून पोरगी आधी तालुक्याच्या गावी एका मिस्त्रीकडं काम शिकायला जाते आहे. अर्ज नंतर. नोंदणी सीएससी केंद्रावर होते आणि ग्रामपंचायतीकडून पडताळणी होते. ताजे नियम तिथं विचारूनच घ्या. आणि घरात एकाचंच नाव लागणार असेल तर ते कुणाचं लागतंय, हे अर्ज भरायच्या आधी घरात बसून बोला. काम दोघांचं आणि नाव एकाचं, हे आपल्याकडं आपोआप होतं.

आजींसाठी कुठली योजना नाही. पण गटाचं माहितीपत्रक आम्ही नवं केलं. त्यांच्या नावापुढं "घरकाम" खोडलं आणि लिहिलं, "सुतारकाम, सामत्याची दोर ओढणे, सुमारे चाळीस वर्षे." आजींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पंचेचाळीस लिव्हा." आम्ही दुरुस्ती केली.

तर सख्यांनो, पुढच्या बैठकीला हप्त्यासोबत घरातली एक अशी वस्तू घेऊन या जिचं नाव तुमच्या लेकीला माहीत नाही. मधोमध ठेवा, नाव सांगू नका, आणि एकेकीला फक्त दिसतं तेवढं बोलायला सांगा. मग घरातल्या म्हाताऱ्या बाईला बोलवा. तोवर चुलीखाली वाकडी काठी घालण्याआधी एकदा तिच्या टोकांना खाच आहे का बघा.